कर्नल बेकविथ आणि सहावे हेलिकॉप्टर

डेल्टा फोर्स हे नाव ऐकलेले नाही, असा शहरी वाचक आज विरळाच. चित्रपटांनी आणि संगणकीय खेळांनी ते घरोघरी पोहोचवले आहे. परंतु हे पथक उभे राहावे म्हणून ज्या माणसाने तब्बल पंधरा वर्षे वरिष्ठांचे उंबरठे झिजवले, त्या कर्नल चार्ल्स बेकविथ यांचे नाव अमेरिकेबाहेर फारसे कोणी घेत नाही. अमेरिकेत ते घेतले जाते तेही बहुधा एका अपयशाच्या संदर्भात. एप्रिल १९८० मध्ये इराणच्या वाळवंटात फसलेली ओलिसांच्या सुटकेची मोहीम त्यांच्या नावाला कायमची चिकटली. त्या रात्री त्यांनी घेतलेला निर्णय बरोबर होता की चूक, यावर अमेरिकी लष्करी वर्तुळात दीर्घकाळ खल झाला. त्या निर्णयाचे मोल जाणून घ्यायचे, तर तो घेणारा माणूस कोणत्या मुशीतून घडला होता, हे आधी पाहावे लागते.

बेकविथ यांचा जन्म २२ जानेवारी १९२९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे झाला. शाळेत आणि पुढे जॉर्जिया विद्यापीठात ते नावाजलेले फुटबॉलपटू होते. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे, तर खांद्याला खांदा भिडवून प्रतिस्पर्ध्यावर चाल करून जाण्याचा अमेरिकी खेळ. ग्रीन बे पॅकर्स या नामांकित व्यावसायिक संघाने त्यांना घेण्याची तयारी दाखवली होती. बेकविथ यांनी त्याऐवजी गणवेश पसंत केला आणि १९५२ मध्ये ते सेकंड लेफ्टनंट म्हणून लष्करात रुजू झाले. कोरियात काही काळ, मग ८२ व्या हवाई छत्रीधारी डिव्हिजनमध्ये, आणि त्या दशकाच्या अखेरीस विशेष दलात, म्हणजे पुढे ग्रीन बेरे म्हणून गाजलेल्या सैनिकांत. लाओसमधील गुप्त प्रशिक्षण मोहिमेतही त्यांचा सहभाग होता. एवढ्या वाटचालीत इतर शेकडो तरुण अधिकाऱ्यांहून निराळे असे काही नव्हते.

आयुष्याला वळण लागले ते १९६२ मध्ये. ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्यांत अधिकाऱ्यांची अदलाबदल करण्याची पद्धत होती. तीनुसार बेकविथ ब्रिटनच्या २२ व्या स्पेशल एअर सर्व्हिस रेजिमेंटमध्ये, अर्थात एसएएसमध्ये, दाखल झाले. पहिल्या काही दिवसांत त्यांना जे दिसले त्याने ते हादरलेच. कडक इस्त्रीच्या आणि खाडकन ठोकलेल्या सॅल्यूटच्या संस्कारात वाढलेल्या या अमेरिकी कॅप्टनला तिथे अव्यवस्थित बराकी, वाढलेले केस आणि अधिकाऱ्याला बरोबरीच्या नात्याने बोलणारे शिपाई भेटले. ही फौज आहे की जत्रा, असा प्रश्न त्यांना पडला असल्यास नवल नाही. पण हीच माणसे वेल्सच्या डोंगरांत आणि नंतर मलायाच्या जंगलात ज्या निगुतीने काम करीत, ते पाहून त्यांचे मत पार पालटले. शिस्त गणवेशाच्या घडीत नसते, कामात असते, हा धडा त्यांनी तिथे घेतला. त्याहून महत्त्वाची होती निवडीची रीत. एसएएसमध्ये माणसे पाठवली जात नसत, पारखून घेतली जात. पाठीवर जड ओझे, हातात नकाशा आणि समोर निर्जन डोंगर. कोण अखेरपर्यंत चालत राहतो, ते एकटेपणातच कळते.

मलायातच मृत्यूने पहिली धडक दिली. जंगलात त्यांना लेप्टोस्पायरोसिस झाला. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांच्या तोंडी ‘लेप्टो’ या नावाने रुळलेला हाच तो आजार. बेकविथ यांची प्रकृती इतकी ढासळली, की डॉक्टरांनी आशा सोडली होती. रुग्णशय्येवरच्या त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी एका कल्पनेची मांडणी केली. अमेरिकी विशेष दलांचा सारा भर तेव्हा परक्या देशांतील गनिमांना शिकवण्यावर होता. स्वतः जाऊन अवघड कामगिरी फत्ते करणारे, लहान, स्वतंत्र आणि अत्यंत निवडक पथक अमेरिकेकडे नव्हते. मायदेशी परतल्यावर त्यांनी तसा अहवाल दिला. तो फाइलबंद झाला. त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा नकार आला. विशेष दलांत आधीच पुरेशी माणसे आहेत, हे उत्तर त्यांना पुढे वर्षानुवर्षे ऐकावे लागले.

मध्ये व्हिएतनाम आले. १९६५ मध्ये बेकविथ यांच्याकडे प्रोजेक्ट डेल्टा या टेहळणी पथकाची सूत्रे आली. त्यांनी आल्या आल्या आहेत त्यांतील बहुतेकांना घरचा रस्ता दाखवला आणि नव्या भरतीसाठी जे पत्रक काढले, त्यात येणाऱ्याला पदक किंवा शवपेटी किंवा दोन्ही मिळतील, असे आश्वासन होते म्हणतात! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लेइ मे येथील छावणीला उत्तर व्हिएतनामी सैन्याने वेढा घातला. बेकविथ आपल्या तुकडीसह आणि दक्षिण व्हिएतनामी रेंजर्ससह जंगलातून वाट काढत वेढ्याच्या आत शिरले आणि छावणी टिकली. १९६६ च्या प्रारंभी मात्र हेलिकॉप्टरमध्ये असताना जड मशिनगनची अर्ध्या इंच व्यासाची गोळी त्यांच्या पोटात घुसली. एवढ्या मोठ्या गोळीच्या जखमेतून माणूस वाचत नाही, हा वैद्यकीय अनुभव होता. वाचण्याजोग्या जखमींकडे आधी लक्ष द्यायचे, या युद्धभूमीवरच्या कठोर नियमानुसार त्यांना बाजूला ठेवण्यात आले. तरीही ते वाचले.

बरे झाल्यावर त्यांनी फ्लोरिडात रेंजर प्रशालेच्या प्रशिक्षणाला व्हिएतनामच्या जंगलाला साजेसे रूप दिले, आणि १९६८ मध्ये १०१ व्या हवाई डिव्हिजनच्या एका बटालियनचे नेतृत्व करायला ते पुन्हा त्याच युद्धात गेले. शत्रूवर थेट तुटून पडण्याच्या वृत्तीमुळे त्यांना ‘चार्जिंग चार्ली’ हे टोपणनाव पडले होते. ते सर्वस्वी कौतुकाचे होते असे नाही. तापट, फटकळ, वरिष्ठांशी वाद घालणारा आणि हाताखालच्यांना सळो की पळो करून सोडणारा हा अधिकारी अनेकांना नकोसा होता. अशा माणसाच्या हाती नाजूक कामगिरी द्यावी का, ही शंका घेणारे पेंटॅगॉनमध्ये कमी नव्हते.

ती शंका बाजूला सारली गेली ती दहशतवाद्यांमुळेच. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले आणि जर्मन पोलिसांचा सुटकेचा प्रयत्न रक्तपातात संपला. ४ जुलै १९७६ रोजी इस्रायली कमांडोंनी युगांडातील एंटेबी विमानतळावरून आपले नागरिक सोडवून आणले. १८ ऑक्टोबर १९७७ रोजी जर्मनीच्या जीएसजी ९ या पथकाने सोमालियात मोगादिशू येथे लुफ्तान्साचे अपहृत विमान मुक्त केले. म्युनिकच्या नामुष्कीतून जर्मनांनी पाच वर्षांत हे पथक घडवले होते. असे काही आपल्याकडे आहे का, अशी विचारणा व्हाइट हाउसकडून झाली आणि पेंटॅगॉनची पंचाईत झाली. सुदैवाने तयारी सुरू झाली होती. जनरल एडवर्ड मेयर यांच्यासारखे मोजके वरिष्ठ बेकविथ यांच्या प्रस्तावामागे उभे राहिले होते. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी डेल्टा पथकाची रीतसर स्थापना झाली. पथक सज्ज व्हायला दोन वर्षे लागतील, असे बेकविथ यांनी बजावले होते. तेवढा धीर नसलेल्यांनी मध्यंतरीची सोय म्हणून ब्लू लाइट नावाचे दुसरे पथक उभे केले. या दोन पथकांतील हेवेदावे हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नॉर्थ कॅरोलायनातील फोर्ट ब्रॅग तळावर डेल्टाला जागा मिळाली ती लष्कराच्या जुन्या तुरुंगाची. एसएएसची निवडपद्धती बेकविथ यांनी जवळपास तशीच आणली. डोंगरातल्या एकट्याच्या चाली रोज लांबत जात. शेवटची चाल सुमारे ४० मैलांची. उमेदवाराला वेळेची मर्यादा सांगितली जात नसे. आपण पुरेसे जलद चालतो आहोत की नाही, हे न कळता चालत राहायचे. त्यात टिकलेल्यांना मुलाखतीत पारखले जाई आणि पुष्कळ जण तिथेही गळत. मग नेमबाजी. खोलीत शिरायचे, क्षणात दहशतवादी कोण आणि ओलीस कोण हे ओळखायचे आणि गोळी झाडायची किंवा झाडायची नाही. बेकविथ यांच्या लेखी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कठीण होती. नोव्हेंबर १९७९ च्या पहिल्या दिवसांत जॉर्जियात पथकाची अंतिम परीक्षा झाली. डेल्टा उत्तीर्ण झाले, दोन वर्षांचा शब्द पाळला गेला. आणि त्याच सुमारास, ४ नोव्हेंबर १९७९ रोजी, तेहरानमध्ये विद्यार्थ्यांच्या जमावाने अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली.

पदच्युत शहाला अमेरिकेने उपचारांसाठी आश्रय दिल्याचा तो संताप होता. ६६ अमेरिकी ओलीस झाले. त्यांतील १३ जणांना लवकरच सोडण्यात आले, उरले ५३. एंटेबीचे विमानतळ धावपट्टीच्या कडेला होते. तेहरान समुद्रापासून शेकडो मैल आत, चाळीस लाखांहून अधिक वस्तीचे, आणि वकिलात शहराच्या मध्यभागी, सत्तावीस एकरांच्या आवारात. भिंत ओलांडून ओलिसांपर्यंत पोहोचणे हे काम आपण करू शकतो, याविषयी बेकविथ यांच्या मनात किंतु नव्हता. प्रश्न होता तो त्या भिंतीपर्यंत जायचे कसे, आणि परत यायचे कसे.

पाच महिन्यांच्या खटपटीतून जी योजना साकारली ती दोन रात्रींची होती. पहिल्या रात्री ओमानजवळच्या मसिरा बेटावरून सी-१३० विमाने डेल्टाच्या सैनिकांना आणि इंधनाला घेऊन तबसजवळच्या ओसाड मैदानात उतरणार. या जागेला सांकेतिक नाव होते डेझर्ट वन. निमित्झ या विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरे सुमारे हजार किलोमीटर उडत तिथे येणार, इंधन भरून सैनिकांना तेहरानजवळच्या डोंगरांत नेणार. दिवसभर लपून, दुसऱ्या रात्री ट्रकांतून शहरात शिरायचे. ट्रकांची व्यवस्था पाहायला रिचर्ड मेडोज हे निवृत्त मेजर आधीच तेहरानमध्ये पोहोचले होते. वकिलातीवर छापा घालून ओलिसांना समोरच्या क्रीडांगणात न्यायचे, तिथून हेलिकॉप्टरांनी रेंजर्सनी ताब्यात घेतलेल्या मंझरिये विमानतळावर, आणि मग इराणबाहेर. एवढ्या दुव्यांच्या साखळीत एकही दुवा निखळून चालणार नव्हते. १६ एप्रिल १९८० रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यासमोर बेकविथ यांनी योजना मांडली. पहारेकऱ्यांचे काय करणार, या प्रश्नाला त्यांनी आडपडदा न ठेवता उत्तर दिले, की त्यांना ठार केले जाईल. कार्टर यांनी संमती दिली आणि अपयश आल्यास जबाबदारी आपली राहील, असे सांगितले. हा शब्द त्यांनी पुढे पाळला, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे.

डेल्टाचे सैनिक बेकविथ यांनी स्वतः पारखलेले होते. त्यांना वाहून नेणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे मात्र त्यांची नव्हती. हेलिकॉप्टरे नौदलाची, मुळात पाणसुरुंग काढण्यासाठी बनवलेली. वैमानिक मुख्यतः मरीन दलाचे. विमाने हवाई दलाची. गुप्ततेच्या अट्टहासापायी या साऱ्यांनी आपापला सराव वेगवेगळ्या ठिकाणी केला. संपूर्ण मोहिमेची एकत्र रंगीत तालीम कधी झालीच नाही. उत्तम पथक आहे पण त्याला पोहोचवणारे वाहन हाताशी नाही, या स्थितीची किंमत मुंबईकरांना निराळ्या रीतीने ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो सज्ज होते, पण त्यांना मुंबईत आणणारे विमान चंडीगडहून दिल्लीला यावे लागले होते.

२४ एप्रिल १९८० च्या रात्री विमाने डेझर्ट वनवर उतरली आणि अडचणींची मालिका सुरू झाली. निर्मनुष्य समजल्या गेलेल्या रस्त्यावरून चाळीसहून अधिक प्रवाशांची बस आली. तिला थांबवून प्रवाशांना ताब्यात ठेवावे लागले. मागोमाग इंधनाचा ट्रक आला. तो थांबेना म्हणून त्यावर रॉकेट डागले, तर इंधनाच्या ज्वाळांनी वाळवंट उजळून निघाले. आणि हेलिकॉप्टरांचा पत्ता नव्हता. वाटेत त्यांना हवेत तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म धुळीच्या प्रचंड ढगांनी गाठले होते. एक हेलिकॉप्टर पात्यातील बिघाडाची सूचना मिळाल्याने वाळवंटातच सोडून द्यावे लागले. दुसरे धुळीत उपकरणे निकामी होऊ लागल्याने नौकेकडे परतले. उरलेली सहा तासाभराहून अधिक उशिराने, एकेक करून पोहोचली. सहा हा किमान आकडा होता. तेवढ्यात कळले, की त्यांतील एकाची हायड्रॉलिक यंत्रणा बंद पडली आहे. उरली पाच.

डेझर्ट वनवरील एकूण सूत्रे हवाई दलाचे कर्नल जेम्स काइल यांच्याकडे होती. पाच हेलिकॉप्टरांवर भागवता येईल का, असे त्यांनी बेकविथ यांना विचारले. बाहेर सोळा इंजिनांचा कर्णभेदक आवाज, डोळ्यांत वाळू, आणि उजाडायला उरलेले मोजके तास. पाचांत निघायचे तर सुमारे वीस माणसे मागे ठेवावी लागणार होती. कोणाला वगळायचे? शिडी लावणाऱ्यांना, फारसी जाणणाऱ्यांना, की क्रीडांगण राखणाऱ्यांना? एकेक माणूस मोजून नेमलेला होता. शिवाय गणित एवढ्यावर संपत नव्हते. दिवसभर थंड पडलेली हेलिकॉप्टरे दुसऱ्या रात्री पुन्हा सुरू करायची होती. आठांतून पाच उरायला एक रात्र पुरली होती, मग पाचांतून किती उरतील? वकिलात जिंकून, ५३ ओलीस मोकळे करून, शत्रूच्या राजधानीत वाहनाची वाट पाहत बसायची वेळ आली तर?

बेकविथ यांनी नकार दिला. काइल यांनी तो वर कळवला, मेजर जनरल जेम्स वॉट यांच्यामार्फत तो वॉशिंग्टनला गेला आणि कार्टर यांनी मोहीम रद्द करण्यास मान्यता दिली. आपल्या मते बेकविथ यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धैर्याचा क्षण हाच. आयुष्यभर चाल करून गेलेल्या, दोनदा मृत्यूला हुलकावणी दिलेल्या आणि याच रात्रीसाठी अठरा वर्षे झगडलेल्या माणसाला पुढे जाणे किती सोपे होते! पाच हेलिकॉप्टरांनिशी जायला हवे होते, असे मानणारे तेव्हाही होते आणि नंतरही राहिले. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना त्या वीस जणांची नावे निवडायची नव्हती.

खरे दुर्दैव त्यानंतर ओढवले. परतीच्या तयारीत जागा बदलण्यासाठी उचललेले एक हेलिकॉप्टर स्वतःच उडवलेल्या धुळीत भरकटले आणि इंधनवाहू सी-१३० वर आदळले. विमानात डेल्टाचे सैनिक चढलेले होते. ते पेटत्या विमानातून दाराने बाहेर पडले. हवाई दलाचे पाच आणि मरीन दलाचे तीन असे आठ जण मात्र जळून गेले. मृतदेह आणि उरलेली हेलिकॉप्टरे तिथेच टाकून बाकीचे उजाडण्यापूर्वी निघाले. त्या हेलिकॉप्टरांत मोहिमेची कागदपत्रेही राहून गेली. तेहरानमध्ये मेडोज आणि त्यांचे साथीदार होतेच. त्यांना आपापल्या हिकमतीने देशाबाहेर पडावे लागले.

पथक मायदेशी परतल्यावर कार्टर स्वतः त्यांना भेटायला गेले. दोघेही जॉर्जियाचे. बेकविथ यांनी साश्रू नयनांनी त्यांची क्षमा मागितली आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांना जवळ घेतले. अवघ्या दहा दिवसांनी, ५ मे १९८० रोजी, लंडनमध्ये एसएएसच्या काळ्या वेशातील सैनिकांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर एका इमारतीवर छापा घालून ओलिसांची सुटका केली. नियतीचा खेळ असा, की ती वकिलात इराणचीच होती. ज्या रेजिमेंटकडे पाहून बेकविथ यांनी आपले पथक घडवले, तिचा जगभर जयजयकार होत असताना ते स्वतः चौकशीला सामोरे जात होते.

ॲडमिरल जेम्स हॉलोवे यांच्या समितीने त्याच वर्षी तब्बल २३ त्रुटींवर बोट ठेवले. हेलिकॉप्टरे किमान दहा हवी होती, सर्व दलांची एकत्र तालीम हवी होती, सूत्रे एका हाती हवी होती. मोहीम रद्द करण्याच्या निर्णयाला समितीने दोष दिला नाही. बेकविथ यांचेही म्हणणे तेच होते, की प्रसंगी घाईने गोळा केलेली माणसे कितीही गुणी असली तरी तो संघ होत नाही. सर्व दलांतील विशेष पथकांची एक कायमस्वरूपी संयुक्त कमान असावी, ही त्यांची शिफारस डिसेंबर १९८० मध्ये प्रत्यक्षात आली. पुढच्या वर्षी रात्रीच्या उड्डाणांत तरबेज अशी लष्कराची खास हेलिकॉप्टर तुकडीही स्थापन झाली. ओलीस मात्र ४४४ दिवसांनी, २० जानेवारी १९८१ रोजी, वाटाघाटींतून सुटले.

डेल्टाची सूत्रे तोवर दुसऱ्याकडे गेली होती. बेकविथ १९८१ मध्ये निवृत्त झाले, टेक्सासमध्ये ऑस्टिन येथे स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी सुरक्षाविषयक सल्लागार संस्था काढली. तिच्या नावात एसएएस ही अक्षरे होती. १९८३ मध्ये त्यांचे आत्मकथनपर पुस्तक आले. तीन वर्षांनी ‘द डेल्टा फोर्स’ हा चित्रपट झळकला. त्याची सुरुवात डेझर्ट वनवरच्या जळत्या विमानाने होते आणि मग चक नॉरिस यांचा नायक पडद्यावर सारी उणीव भरून काढतो. प्रत्यक्षात तसा दिवस उजाडायला डिसेंबर १९८९ पर्यंत थांबावे लागले. पनामातील मोडेलो तुरुंगाच्या छतावर त्या नव्या तुकडीच्या हेलिकॉप्टरांतून डेल्टाचे सैनिक उतरले आणि कर्ट म्यूज या अमेरिकी कैद्याला काही मिनिटांत घेऊन निघाले. त्यांचे हेलिकॉप्टर गोळ्यांनी खाली आले, तरी म्यूज जिवंत सुटला.

बेकविथ यांचे १३ जून १९९४ रोजी ऑस्टिन येथील राहत्या घरी निधन झाले. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. डेझर्ट वनवर गेलेल्या आठ जणांचे स्मारक वॉशिंग्टनजवळच्या अर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत आहे.